हत्ती बघायला जाल, तर कुंपणही बघून या

शेतकरी बंधूंनो, अभ्यासदौरा म्हटला की आपण ठिबक, शेततळी, नाही तर एखादं कृषी प्रदर्शन बघून येतो. दोडामार्ग, चंदगड, आजरा या तालुक्यांतल्या मंडळींनी यंदा म्हैसूरपासून साधारण 80 किलोमीटरवर कबिनी जलाशयाकाठी असलेलं नागरहोळेचं जंगल बघून यावं. हत्ती तिथं दिसतीलच. पण आपल्याला बघायचंय ते हत्तीशेजारी शेती कशी करतात ते.

जायचं तर मार्च ते मे या काळात. कबिनी धरण 1974 साली पुरं झालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळं गवत फुटतं. बाकी रानात गवत वाळलेलं, ओढे आटलेले. मग चहूकडचे कळप या काठावर उतरतात, शेकड्यांनी. वनखात्याच्या गाडीतून हे दृश्य दिसतं. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोपर्यंत चारा लागतो, तेव्हा तो पाण्याचा आणि हिरव्याचा माग काढणारच. आपलं तिलारीचं धरण, त्याखालच्या केळी, माड आणि पोफळी डोळ्यापुढे आणा, म्हणजे आपल्याकडे काय चाललंय ते ध्यानात येईल. माडाचा कोवळा गाभा खायला हत्ती आख्खं झाड पाडतो. भात गेलं तर पुढल्या वर्षी पेरता येतं, पण दहा वर्षं जपलेला माड कुठून आणायचा?

'हत्ती पकडून न्या' ही मागणी म्हणूनच समजण्यासारखी आहे. पण हिशेब मांडून बघा. 2002 साली हत्ती कर्नाटकातून सिंधुदुर्गात उतरले. 2015 साली माणगाव खोऱ्यातले तीन पकडले गेले, तरी तिलारी खोऱ्यातला त्रास संपला नाही. सह्याद्रीचं रान सलग आहे, वाट उघडी आहे. 2025 च्या अहवालात एकट्या कर्नाटकात 6,013 हत्ती धरलेत. एखादा उपद्रवी हत्ती पकडावा लागेलही, पण तेवढ्यावर बागायत राखता येणार नाही.

आता कुंपणाकडे वळू. नागरहोळेच्या कडेला चर, सौरकुंपण आणि जुन्या रेल्वे रुळांचे अडसर असे तिन्ही प्रकार बघायला मिळतात. रूळ भक्कम खरे, पण किलोमीटरमागे कोटीच्या वर खर्च, ते काम सरकारचं. चर आपल्या पावसात एका मोसमात ढासळून बुजेल, असं माझं मत आहे. उरतं सौरकुंपण. त्यात क्षणभराचा झटका बसतो, जीव जात नाही. मात्र तारेला गवत-वेली टेकल्या की झटका जमिनीत उतरतो आणि कुंपण नुसतं शोभेचं राहतं. शिवाय सुळ्याला झटका लागत नाही, हे हत्ती लवकर शिकतो. सुळ्यानं तार तोडतो, नाही तर झाड ढकलून वर पाडतो. म्हणजे तारेखालचं बेणणं आणि काठची झाडं छाटणं नेमानं व्हायला हवं. आणि एक स्पष्टच सांगतो : घरच्या लाइनीवरून तारेत वीज सोडू नका. हत्तीआधी घरचंच माणूस जाईल, आणि गुन्हा दाखल होईल तो वेगळा.

एच. डी. कोटे तालुक्यातल्या शेतकऱ्यांशी जरूर बोला. बेणणी कोण करतं, पैसे कुठून येतात, बॅटरी गेली तर कोणाला कळवतात, रात्रीची राखण वाटून घेतात का, हे विचारा. जमल्यास कोडगूकडेही जा. तिथं चेलूर गावी 2021 मध्ये खादी आयोगानं हत्तीच्या वाटेवर मधपेट्या मांडून बघितल्या होत्या.

सरपंच आणि ग्रामसेवकांना एवढंच सांगणं : भात पोटरीत येण्याआधी, म्हणजे श्रावण-भाद्रपदात, कुंपणाच्या बेणणीची तरतूद ठरावात घ्या. दौऱ्यासाठी 'आत्मा'कडे अर्ज करता येतो. यादीत पदाधिकारी असोत, पण ज्यांची शेतं जंगलाला लागून आहेत ती माणसं आधी घाला.