मार्जिन किती ते नंतर, आधी विचारा कशावर!



नव्या धंद्यात गुपचूप पैसे खाणारा इंग्रजी शब्द कोणता, तर माझ्या मते ‘मार्जिन’. आपण तो सरसकट ‘नफा’ म्हणून वापरतो आणि तिथेच गणित फसतं.

समजा, तुम्ही दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळातून गूळ आणता, त्याची पावडर करून पाकिटं भरता आणि शिरूरच्या दुकानदारांना देता. (जीएसटी तूर्त बाजूला ठेवू.) पाकिटामागे तुमच्या हातात ८० रुपये यायला हवेत. दुकानदार म्हणतो, “वीस टक्के मार्जिन लागेल.” तुम्ही ८० चे वीस टक्के, म्हणजे १६ मिळवता आणि एमआरपी छापता ९६. पण तो वीस टक्के धरतो एमआरपीवर! ९६ मधून १९.२० कापतो आणि तुम्हाला देतो ७६.८०. पाकिटामागे ३.२० गेले. महिन्याला हजार पाकिटं जात असतील तर ३,२०० रुपये.

दुकानदाराने फसवलं का? अजिबात नाही. तो बोलत होता मार्जिन, तुम्ही लावलात मार्कअप. खरेदीच्या किमतीवर चढवतात तो मार्कअप, विक्रीच्या किमतीवर मोजतात ते मार्जिन. ८० ला ०.८० ने भागा, १०० येतात. छापायची एमआरपी ती होती. म्हणून भाव ठरवताना स्पष्ट विचारा, “शेठ, वीस टक्के एमआरपीवर ना?” विचारायला लाजू नका, आणि उत्तर बिलबुकात लिहून ठेवा.

आता बँकेत चला. तिथे मार्जिन म्हणजे प्रकल्पात तुम्ही स्वतः घालायचा पैसा. नफ्याचा काही संबंध नाही. आणि पीएमईजीपी योजनेत तर उलटंच, तिथे ‘मार्जिन मनी’ म्हणजे सरकारी अनुदान! सर्वसाधारण गटाला शहरी भागात १५ टक्के, ग्रामीण भागात २५. म्हणजे युनिट शिरूर नगरपरिषदेच्या हद्दीत टाकलं तर १५, न्हावऱ्यासारख्या ग्रामपंचायतीच्या गावात टाकलं तर २५. जागा ठरवण्याआधी हे बघा. स्वतःचे १० टक्के वेगळे घालावेच लागतात. शिवाय अनुदान तुमच्या हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं, मग तपासणी होऊन कर्जात वळतं. त्या पैशातून कच्चा माल भरायचा बेत असेल तर तो आत्ताच बदला.