बॉनेटखालचा रंग

दिवाळीच्या सुट्टीत मी बेंगळुरूतच मामांकडे होतो. त्यांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीला रंग द्यायचा होता. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची ही गाडी. टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

मामा म्हणाले, "आधी इंजिन उतरवू." मी म्हणालो, "बॉनेट बंद केल्यावर आत कोण बघणार? भोवतीनंच ब्रश फिरवू."

त्यांनी ऐकलं नाही. रेडिएटर रिकामा केला, प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधली, चेनपुलीनं इंजिन उचललं. बॅटरीचा ट्रे काढला, तर खालचा पत्रा अ‍ॅसिडनं खाल्लेला. बोट आरपार गेलं. वरून रंग दिला असता, तर ते भोक नुसतं झाकलं गेलं असतं. घासणं, वेल्डिंग, प्रायमर यांत चार दिवस गेले, रंगाला एकच.

मला आमचं इन्स्पेक्शन आठवलं. बुटांची टोकं चकचकीत, टाचा मळक्या. चादर ताठ आणि गादीखाली कोंबलेले मोजे. हे मी स्वतः केलं आहे.

मित्र म्हणतील, वेळ कुठे असतो? खरं आहे. पण गंजाला थांबायला कोण सांगणार? या सत्रापासून मी लॉकर मागच्या कोपऱ्यापासून आवरणार आहे. सर, एकदा माझी गादी उचलून बघा.