विश्वास, पत आणि हमी

मराठी भाषेत विश्वासाच्या कुळातील शब्दांना तोटा नाही. विश्वास, भरवसा, भिस्त, पत, खात्री, हमी असे कितीतरी शब्द बोलण्यात सहज येतात आणि पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. घरगुती व्यवहारात या सैलपणाने फारसे बिघडत नाही. जेथे दुसऱ्याचा पैसा सांभाळावयाचा असतो तेथे मात्र ही सरमिसळ महागात पडते.

‘विश्वास’ हा शब्द ‘श्वस्’ या धातूपासून आला आहे. मोकळेपणाने श्वास घेणे, निर्धास्त असणे, हा त्याचा मूळ भाव. म्हणजे विश्वास ही ठेवणाऱ्याची मनःस्थिती होय. ज्याच्यावर तो ठेवला जातो त्याच्या लायकीविषयी हा शब्द काहीच सांगत नाही. लबाडावरही मनुष्य निर्धास्तपणे विसंबू शकतो. विश्वासार्हता हा दुसऱ्या पक्षाचा गुण आहे आणि तो दीर्घकाळच्या वर्तनानेच सिद्ध होतो.

या वर्तनाची बाजाराने ठेवलेली नोंद म्हणजे पत. जुन्या व्यापारात शहाजोग हुंडी असे. तिची रक्कम ती घेऊन येणाऱ्या कोणालाही न देता, बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच द्यावयाची असा दंडक होता. आज मात्र ‘शहाजोग’ म्हटले की साळसूदपणाचा आव आणणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. पत असणे आणि ती असल्यासारखे दिसणे यांतील अंतर भाषेने असे टिपून ठेवले आहे.

या अंतराची किंमत सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांनी मोजली. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गुंतली होती, आणि ती दडविण्यासाठी हजारो बनावट खाती दाखविल्याचा आरोप फिर्यादीत नोंदला गेला. ठेवीदारांचा विश्वास खरा होता; त्याला आधार असलेली पत तेवढी कागदावर होती. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. तथापि मोठ्या ठेवीदारांना पूर्ण रकमेसाठी दहा वर्षांपर्यंत थांबण्याची वेळ आली.

विश्वास आणि पत दोन्ही फसतात तेव्हा कायद्याला पुढे यावे लागते. त्याने दिलेला शब्द म्हणजे हमी. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून देशात ठेवविम्याची योजना सुरू झाली. आरंभी प्रत्येक ठेवीदारामागे १,५०० रुपयांचे संरक्षण होते. १९९३ मध्ये ते एक लाखावर व फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाखांवर गेले. बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी, अशी तरतूद २०२१ मध्ये झाली. हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु हमी म्हणजे विश्वासार्हता नव्हे. ती नुकसानीचा काही भाग भरून देते. संचालकांना सचोटी शिकवीत नाही. शिवाय हा विमा बँकांपुरता आहे. गावोगावच्या पतसंस्थांतील ठेवींना तो लागू नाही. ज्या संस्थांच्या नावातच ‘पत’ आहे, तेथील निवृत्त शिक्षकाला किंवा भाजीविक्रेतीला या हमीचा आधार नाही, हे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

सामान्य ठेवीदाराला ताळेबंद कळत नाही, त्याने विश्वास ठेवावा हेच बरे, असा युक्तिवाद केला जातो. तो मान्य करणे कठीण आहे. ठेवीदार हा वस्तुतः सावकार असतो. तो संस्थेला कर्ज देतो. तीच संस्था दुसऱ्याला कर्ज देताना तारण मागते, जामीनदार मागते, उत्पन्नाचे दाखले तपासते. आपल्या सावकाराला मात्र ती केवळ हसतमुख आश्वासन देते. ताळेबंद कळत नसेल तर तो कळेल असा लिहिणे हे संस्थेचे काम आहे. थकबाकी किती, सर्वांत मोठ्या दहा कर्जदारांकडे एकूण कर्जाचा वाटा किती, लेखापरीक्षकाचे आक्षेप कोणते आणि ठेवींना विमा आहे की नाही, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक शाखेच्या फलकावर सोप्या मराठीत लावणे अशक्य नाही. सहकार खात्याने तसे बंधन घातले पाहिजे आणि वार्षिक सभेत सभासदांनी त्यावर प्रश्न विचारले पाहिजेत.

संस्था संकटात आली की चालक ‘विश्वास ठेवा’ असे आवाहन करतात. ठेवीदारांनी तो आधीच ठेवलेला असतो. त्यांचे पैसे तेथे आहेत हाच त्याचा पुरावा. हिशेब देण्याची पाळी असते ती चालकांची.