शब्दांची सोयरीक

आपल्या शाळांतून इंग्रजी शब्द पाठ करून घेण्याची एक जुनी रीत आहे. बिग म्हणजे मोठा, स्मॉल म्हणजे लहान, रेन म्हणजे पाऊस. शब्द एकटा, त्याचा अर्थही एकटा. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे आज द्वितीय वर्ष कला शाखेत बसलेल्या आम्हा बहुतेकांची या भाषेशी तेरा-चौदा वर्षांची ओळख आहे. तरीही चार वाक्ये बोलायची वेळ आली की आमची बोबडी वळते. खेड्यातल्या मुलांची कुवतच तेवढी, असे काहीजण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. आम्हाला शब्द शिकवले गेले, त्यांची सोयरीक शिकवली गेली नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील एक मैत्रीण उशिरा आली. ‘बिग रेन’मुळे एस. टी. चुकली, असे तिने धीर करून इंग्रजीत सांगितले. वर्ग खो खो हसला. इंग्रज माणूस तिथे ‘हेवी रेन’ म्हणतो, हे हसणाऱ्यांपैकी काहींना ठाऊक होते. बाकीचे नुसतेच हसले. ती मुलगी पाथर्डी तालुक्यातली. आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. ‘हेवी रेन’ हा शब्द तिच्या कानावर घालणार कोण? त्या दिवसानंतर वर्ष संपेपर्यंत ती इंग्रजीच्या तासाला एक अक्षर बोलली नाही. या एका हसण्याची किंमत कोणत्या गुणपत्रिकेत मांडायची?

वास्तविक तिने काय केले? ‘मोठा पाऊस’ हे चोख मराठी तिने शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेले. आपला ‘मोठा’ फार मोकळ्या मनाचा आहे. तो पावसाबरोबर जातो, आवाजाबरोबर जातो, भावाबरोबर, नोकरीबरोबर आणि आजाराबरोबरही जातो. इंग्रजीत या प्रत्येकाचे घर वेगळे. पाऊस हेवी, आवाज लाउड, आजार सीरिअस. आणि जिथे खरोखर आकाराचाच शब्द हवा तिथेही तीन दावेदार उभे असतात. चूक, निर्णय, फरक, अडचण यांना सहसा ‘बिग’ लागतो. संख्या, रक्कम, लोकसंख्या असे मोजमापाचे नाम आले की ‘लार्ज’. आनंद, काळजी, आदर, महत्त्व यांना ‘ग्रेट’. ‘बिग मिस्टेक’ होते, ‘लार्ज मिस्टेक’ होत नाही. का होत नाही, याला व्याकरणाच्या पुस्तकात नियम सापडत नाही. लोक तसे म्हणतात, एवढेच.

पण हे वाचून इंग्रजीला नावे ठेवण्याआधी आपल्या घरात डोकवावे. माझी आई शाळेची पायरी चढलेली नाही. पण अनुभव ‘दांडगा’ असतो, झोप ‘गाढ’ असते, अपमान ‘घोर’ असतो, रांग ‘भलीमोठी’ असते आणि असामी ‘बडी’ असते, यात तिची कधी गफलत होत नाही. ‘घोर झोप’ किंवा ‘गाढ अपमान’ तिच्या तोंडून मी आजवर ऐकलेला नाही. हे तिला कोणी शिकवले? कानाने शिकवले. आपल्या जिल्ह्यात लोणी बुद्रुक आहे, लोणी खुर्द आहे. दोन्ही शब्द फारसीतले. एक मोठा, दुसरा लहान. गावाच्या नावामागे ते पिढ्यान्‌पिढ्या मुकाट बसून आहेत. पण म्हणून भूक लागली की ‘बुद्रुक भाकरी वाढ’ असे कोणी म्हणत नाही!

‘थोर’चेही तेच. १७२५ साली चौंडीत जन्मलेल्या आणि २०२४ पासून ज्यांचे नाव आपल्या जिल्ह्याला मिळाले त्या अहिल्याबाई होळकर थोर होत्या. विहीर मात्र कितीही मोठी असली तरी कोणी तिला थोर म्हणत नाही. इंग्रजीतही राणी ‘ग्रेट’ असते, विहीर ‘बिग’ असते. म्हणजे ही वाट आपल्या पायाखालची आहे. ती तशी आहे, हे मात्र आम्हाला कोणी दाखवले नाही.

शब्दांच्या या संगतीकडे जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे २००२ साली ऑक्सफर्डने खास अशा जोड्यांचा एक स्वतंत्र कोश विद्यार्थ्यांसाठी काढला. हे ज्ञान असे छापून तयार आहे. आमच्या वह्यांत मात्र अजून ‘बिग म्हणजे मोठा’ हीच ओळ आहे, आणि मोबाईलमध्ये शोधले तरी बहुधा आधी तीच हाती लागते.

अर्थ कळला ना, मग झाले, असे काही मित्र म्हणतात. गावच्या पारावर ते खरे आहे. मुलाखतीच्या खोलीत नाही. तिथे समोरची माणसे अर्थ समजून घेतात आणि तरीही उमेदवाराच्या नावापुढे फुली मारतात. भरपूर वाचा, आपोआप येईल, असेही सांगतात. येईल, पण ज्याच्या घरात वर्तमानपत्रसुद्धा येत नाही त्याला ‘भरपूर’ व्हायला किती वर्षे लागतील?

आता लहान तोंडी मोठा घास घेते. (घाससुद्धा मोठाच असतो, थोर नसतो.) इंग्रजीच्या प्राध्यापकांनी दर धड्याला कठीण शब्दांची यादी देताना विशेषण एकटे देऊ नये. त्याच्या शेजारी त्याची तीन-चार नामे द्यावीत, आणि जमल्यास मराठीत त्याच जागी काय येते तेही विचारावे. मराठीच्या तासाला दांडगा, गाढा, घोर, अफाट यांचे सोयरे आम्हाला शोधायला लावावेत. ग्रामीण मुले त्यात शहरातल्यांना सहज मागे टाकतील. आणि उत्तरपत्रिकेत ‘बिग रेन’ दिसले तर नुसती लाल रेघ मारू नये. रेघेशेजारी ‘हेवी’ एवढे लिहावे. पाच सेकंदांचे काम आहे.

पाथर्डीच्या मैत्रिणीला मी हे सारे सांगितले. ती म्हणाली, “मग ‘कडक ऊन’ काय होतं?” आम्ही दोघी ग्रंथालयात जाऊन कोश मागणार आहोत.