मोकळ्या घोड्याची उडी

घोडा आमच्या नित्य व्यवहारांतून गेल्यास बराच काळ लोटला. जासईच्या रस्त्यावर बंदराकडे जाणाऱ्या मालमोटारींची रांग लागलेली असते. घोडा दिसला तर तो नवरदेवाच्या वरातींत. मोटारींस मज्जाव असल्यामुळें माथेरानला मात्र तो अद्यापि उपयोगी पडतो. असें असतांही घोड्यास उडी कशी शिकवितात, हा विषय आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों. कारण तो जितका घोड्याचा आहे, तितकाच शिकविणाराचाही आहे.

आपल्या पूर्वजांस या विद्येचें वावडें नव्हतें. ज्यांनीं लहानपणीं अमरकोश घोकला असेल, त्यांस अश्वाच्या पांच गतींपैकीं 'प्लुत' ही गति आठवेल. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत लंघनाचे प्रकार सांगतांना माकड, बेडूक, हरिण यांच्या उड्यांवरून नांवें दिलीं आहेत. घोडे कसे उडतात हें कोणी तरी बारकाईनें पाहिल्यावांचून अशीं नांवें सुचत नाहींत.

आजच्या पद्धतींत तरुण घोड्यास प्रथम स्वारावांचून व खोगिरावांचून मोकळाच उडवितात. मैदानाच्या कुंपणालगत दांड्यांची दुसरी आडवण उभारून एक लांब बोळ करितात. पहिल्या दिवशीं त्यांत अडथळा नसतो. मोतद्दार घोड्यास नुसता त्यांतून फिरवून आणतो. मग जमिनीवर एक दांडा ठेवितात व तो अंगवळणीं पडला म्हणजे दोन दांडे फुलीसारखे लावितात. फुलीचा मध्य सर्वांत खालीं असल्यामुळें घोडा आपण होऊन मधोमध येतो. फुलीच्या अलीकडे सुमारें ९ फुटांवर जमिनीवर एक दांडा असतो. दुडक्या चालीनें येणारा घोडा तो ओलांडतो आणि उडी घेण्याची जागा त्यास बरोबर साधते. पुढचा अडथळा सुमारें २० ते २१ फुटांवर ठेवितात, म्हणजे मध्यें दौडीची एकच झेप बसते. अर्थात् लहानमोठ्या घोड्याप्रमाणें हीं अंतरें कमीजास्त करावीं लागतात. चाबूक लांब असतो, पण तो दिशा दाखविण्यापुरता. उडी झाली कीं मूठभर दाणा व मानेवर थाप. थोड्या उड्या झाल्या, कीं घोड्याची हौस शिल्लक असतांनाच काम थांबवावयाचें.

यांतला लाभ असा, कीं पाठीवर भार नाहीं, तोंडांत ओढ नाहीं. मग अंतर आपल्या डोळ्यांनीं मोजावें व तोल आपल्या मानेनें सांवरावा, हें घोडा स्वतः शिकतो. इटलीच्या घोडदळांतील अधिकारी फेदेरिको काप्रिली (१८६८–१९०७) यानें मोकळ्या घोड्यांच्या उड्या लक्षपूर्वक पाहिल्या. तोंवर स्वार उडीच्या वेळीं मागें रेलून लगाम ओढीत. त्यानें उलट पुढें झुकण्यास व हात सैल सोडण्यास सांगितलें. वरिष्ठांस तें प्रथम रुचलें नाहीं; पुढें देशोदेशींच्या सैन्यांनीं तेंच स्वीकारलें. स्वारांचा गुरु शेवटीं बिनस्वाराचा घोडाच ठरला! ही विद्या आमच्या प्रांतासही परकी नाहीं. मुंबईस महालक्ष्मीला हौशी स्वारांचा क्लब १९४२ पासून आहे, खडकवासल्याच्या प्रबोधिनींत अश्वारोहण शिकवितात, आणि मुंबईचे इम्तियाझ अनीस २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें स्वार म्हणून उतरले होते.

परंतु या मोकळेपणास दुसरी बाजू आहे. बोळाच्या दोन्ही बाजू बंद, मागें चाबूक. तेव्हां घोड्यास 'नको' म्हणावयास जागाच उरत नाहीं. गिऱ्हाइकास भुलविण्यासाठीं कोणी दांडा चढवीतच नेला, तर जनावर भिऊनही उडतें, आणि पाहणारास तें पराक्रमी वाटतें. घोड्याच्या पाठीच्या कण्याचीं हाडें पक्कीं होण्यास पांच-सहा वर्षें लागतात. तिसऱ्या वर्षीं उंच उडालेल्या घोड्याची किंमत पुढें त्याच्या पायांस व पाठीस द्यावी लागते. उडतांना पायांवर दांडा मारून त्यास अधिक उंच उडविण्याची दुष्ट रीतही होती. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा संघटनेनें ती निषिद्ध ठरविली आहे. सुज्ञ शिक्षक घोडा अडला, कीं दांडा खालीं उतरवितो. चाबूक वर उचलीत नाहीं.

आमचें सारें आयुष्य वर्गांत गेलें, म्हणून हें वाचतांना आम्हांस घरोघरचीं दहावी-बारावीचीं मुलें आठवतात. 'आम्हीं त्याला पूर्ण मोकळीक दिली आहे,' असें आजोबा सांगतात, काका सांगतात, वडीलही सांगतात. आणि तीं सर्व मंडळी बोळाच्या दोन्ही अंगांस उभीं असतात! कुंपण नकोच, असें आम्ही म्हणत नाहीं. कुंपणावांचून घोडा अडथळ्याकडे वळणारच नाहीं. तें घालणारानें मात्र दांड्याची उंची पोराच्या बळावरून ठरवावी, शेजारच्या पोराच्या गुणांवरून ठरवूं नये. आणि तो थबकला, तर काय खुपतें तें आधीं विचारावें. एवढें पथ्य तरी घरच्या वडील मंडळींनीं या जूनपासून पाळून पाहावें, अशी आमची विनंति आहे.