उत्पादक कंपनीचा कारभार आणि व्यवस्थापनाचे शिक्षण

व्यापार-व्यवस्थापनाचे शिक्षण शहरातील कारखानदारांच्या मुलांसाठी असते, शेतकऱ्याच्या मुलास त्याचे काय प्रयोजन, अशी समजूत खेड्यापाड्यांत अद्याप आढळते. ही समजूत महाग पडत आहे.

एक साधा हिशेब पाहावा. समजा, एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने सभासदांकडून 100 क्विंटल सोयाबीन 4,000 रुपये दराने घेतले व 4,150 रुपये दराने विकले. 15,000 रुपये नफा झाला असे कोणीही म्हणेल. परंतु खरेदीच्या वेळी मालात 14 टक्के ओलावा होता आणि गोदामात तो 10 टक्क्यांवर आला, तर विक्रीच्या काट्यावर सुमारे 95.5 क्विंटलच भरतात. त्यांचे 3,96,325 रुपये येतात. म्हणजे बारदाना, हमाली व व्याज धरण्यापूर्वीच साडेतीन हजारांवर तोटा! येथे कोणी चोरी केलेली नसते. तरीही सभेत संशय व्यवस्थापकावरच येतो. घट कागदावर मांडून दाखविणे त्यास जमले नाही, तर पुढील हंगामात सभासद आपला माल पुन्हा अडत्याच्या दारी नेतात.

उत्पादक कंपनीस कायद्याने पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो. 2020 साली केंद्र सरकारने 10,000 शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना हाती घेतली. तीत प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत कमाल 18 लाख रुपयांचे साहाय्य ठेवले. चौथ्या वर्षी मात्र त्या अधिकाऱ्याचा पगार धंद्यातूनच निघावा लागतो. अशा जागी संचालकाचा पुतण्या केवळ घरचा म्हणून बसविणे, हा सभासदांच्या भागभांडवलाशी खेळ होय.

या कामासाठी मोठ्या शहरातील दीर्घ अभ्यासक्रमाची गरज नाही. अमेरिकेत 1901 साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे एका माध्यमिक शाळेत सहा विद्यार्थ्यांवर जे महाविद्यालय सुरू झाले, त्याचा हेतू गाव न सोडता महाविद्यालयाची पहिली दोन वर्षे पुरी करता यावीत, एवढाच होता. कम्युनिटी कॉलेजांची परंपरा तेथूनच वाढली. हिशेब, व्यापारी कायदा व व्यवस्थापन हे विषय तेथे नोकरी सांभाळून शिकता येतात. भारतातही विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा महाविद्यालयांस उत्तेजन दिले आहे.

मात्र आपल्याकडे वर्ग सुगीत भरवून चालणार नाहीत. आणि उदाहरणे मोटारीच्या कारखान्याची देण्यापेक्षा गोदामाची, पिकाच्या घटीची, कर्जाच्या हप्त्याची द्यावीत. किर्द-खतावणीचे धडे ज्या संस्थेत विद्यार्थी काम करतो, तिच्याच वह्यांवर व्हावेत. असा विद्यार्थी पहिल्या सहामाहीतच संस्थेच्या उपयोगी पडेल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक उत्पादक संस्थेतून एक होतकरू तरुण किंवा तरुणी निवडून अशा वर्गास पाठविण्याचा आग्रह धरावा, व त्याचे शुल्क संस्थेने भरण्याचा ठराव येत्या वार्षिक सभेतच मांडावा.