हेंपचा सौदा करण्याआधी झाड ओळखा

हेंपच्या धंद्यात मोठा नफा आहे असे सांगणारा कोणी दुकानात आला, तर आपल्या व्यापारी बांधवांनी आधी एकच विचारावे : झाड कोणते? इंग्रजीत तागाला ‘सन हेंप’ आणि अंबाडीला ‘डेक्कन हेंप’ म्हणतात. खामगाव-मेहकरकडच्या दोर वळणाऱ्या कारागिराने ही दोन्ही खुशाल वापरावीत. त्यांना कायद्याची आडकाठी नाही.

खरा हेंप मात्र गांजाच्याच जातीचा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे त्याच्या विनापरवाना लागवडीस १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. मात्र याच कायद्याचे कलम १४ धागा व बियांसाठी परवानगीची वाट मोकळी ठेवते. उत्तराखंडने २०१८ मध्ये असे परवाने दिले. हेंपच्या बियांचे तेल व पीठ खाद्य म्हणून विकण्यास २०२१ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली.

नायलॉनने दोरवाल्यांचा धंदा बसवला. म्हणून महाराष्ट्रानेही धाग्यापुरते परवाने द्यावेत, असे आमचे मत आहे. पण उत्तराखंडचा कागद बुलडाण्याच्या शेतात चालत नाही. माल घ्यायचा तर पक्के बिल आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक पाहूनच घ्या. चार पैशांच्या लोभात बापजाद्यांची पेढी कोर्टात उभी करू नका.